निघताना ‘येतो’

सिंगापुरात, आंग मो किओच्या बस-स्टॉपवर पुढचे दोघे मराठीत बोलायला लागले आणि कुमुदने कान टवकारले.

"परेश, टीम लीडर झालो आणि साहेबांनी मला संवादकौशल्याच्या कोर्सला घातलं."

"का रे?"

"पहिली मीटिंग संपवून टीमला म्हणालो, 'ओके, आय विल कम,' आणि घरी गेलो. बिचारे तासभर बसून राहिले."

"अरे सौमित्र, 'आय ॲम गोइंग' म्हणायचं!"

"निघताना 'जातो' म्हणू? अभद्र!"

कुमुदची बस आली आणि गेली. ती हलली नाही.

"कोर्समध्ये काय शिकवलं?"

"स्पष्ट बोला. म्हणून काल मनावर दगड ठेवून साहेबांना म्हणालो, 'आय ॲम गोइंग.'"

"मग?"

"त्यांना वाटलं, नोकरी सोडतोय. आज माझ्या निरोपाचा केक कापला."

"खाल्लास?"

"दोन तुकडे. चल, माझी बस आली. येतो."

"नीट सांग. थांबू, की केक आणू?"