पाच वाजेपर्यंत न्यायमूर्ती

हॅलो?… कोण?… आरं उदय, तू व्हय. आज स्वतःच लावलास? न्हायतर आधी तुझा माणूस बोलतो, 'न्यायमूर्ती साहेबांना देतो' म्हणून…

झाला निरोप समारंभ?… चांगलं बोलले सगळे?… बोलणारच की. रिटायर होणाऱ्या जज्जाला कोण वाईट बोलतंय.

न्हाय, बरी हाय मी. हळू बोलतीय, कारण मानसिंग बाहेर बसलाय… आपला मानसिंग. तुझा धाकटा भाऊ, दुसरा कुठला?… व्हय. सांगोल्यावरनं सकाळच्या एसटीनं आला. डाळिंबाची पेटी घेऊन.

कुणासाठी म्हणतोस?…

तुझ्यासाठीच. मला म्हणतोय, 'आक्का, दादा आज पाचाला मोकळा होतोय, आता तरी घेईल की.'… न्हाय बाबा, मी बोलावलं न्हाय. पेपरात वाचलं त्यानं.

ऐक ना… आरं ऐक. तू चुकलास असं मी कधी म्हणलं न्हाय. कालव्यात गेलेल्या जमिनीची त्याची केस तुमच्याच हायकोर्टात होती, म्हणून त्यानं तवा आणलेली अशीच पेटी तू परत धाडलीस… तुझ्यापुढं नव्हती, माहिती हाय मला. पण तुझा ड्रायव्हर पेटी दारात ठेवून गेला आन् मानसिंगनं ती उघडलीच न्हाय. अंगणात नासून गेली. तवापासनं तुझं नाव त्याच्या तोंडात न्हाय. माझी लेक संस्कृती तवा शाळेत होती, आता तिला पोर झालं.

मला?… मला काय वाटायचं… अभिमान वाटायचा. आन् रागबी यायचा लई. संस्कृतीच्या लग्नात अक्षता पडल्या आन् तू मागच्या दारानं गेलास. वकिलांनी घेरलं म्हणून. मी तुझं ताट वाढून बसले होते…

कळतंय रे. कुणाचा चहा घेतलास तरी लोक बोट दाखवणार. पण हितं सोलापूरच्या कोर्टात वकिली करायचास तवा किती हसायचास तू. मग जज्ज झालास. नांदेड, गडचिरोली, मुंबई… मोठा होत गेलास आन् एकेक माणूस सोडत गेलास. आम्हीबी त्यातच.

काय?… कसला आयोग?… शेतीच्या पाण्याचा. अध्यक्ष तू… किती वर्षं?… तीन. आन् आज संध्याकाळीच कळवायचं?

चांगलंच काम हाय की. तुझ्यासारखा माणूस लागतोच तितं… पण मग त्यात सांगोलाबी आलं. म्हणजे मानसिंगबी आला. परत त्याला लांब बस म्हणणार?

न्हाय, न्हाय, मी दाबत न्हाय तुला. जन्मभर तू निकाल दिलेस, हा मी कशी देऊ?… मला फक्त एवढं सांग, पेटीचं काय करू? तो आत आला की विचारणार मला.

… त्याला देऊ फोन? खरंच?… थांब.

मानसिंग… ए मानसिंग, दादाचा फोन हाय. घे… आरं घे की.

… … उदय? न्हाय घेत तो… राग न्हाय रे, ऐक तरी. मला घड्याळ दाखवतोय. म्हणतोय, 'अजून साडेचारच झालेत. दादा खुर्चीत हाय तवर मी बोललो तर त्याला बट्टा लागंल. पाच वाजू दे.'

हॅलो?… उदय?… रडतोस व्हय?

… रडू नको. तोंड धू, बाहेर माणसं थांबली असतील… मी न्हाय रडत. सर्दी झालीय.

काय म्हणालास?… परत सांग… आयोगाला न्हाय म्हणून कळवतोस?… माझ्यासाठी न्हवं ना? न्हायतर पुढं मला बोल लावशील… बरं… पस्तावशील थोडा?… व्हय, पस्तावणारच म्हणतोस. मग ठीक हाय. खरं बोललास.

बरं, पाचाला फोन कर. माझ्यावर न्हाय, त्याच्यावर कर… नंबर हाय ना तुझ्याकडं?… तोच, शेवटी त्रेसष्ट असलेला. बदलला न्हाय त्यानं.

ठेवते आता. पेटी उघडते. डाळिंबं सोलायला वेळ लागतो.