पोस्ट मेलेलंच बरं

बंगळुरात चामराजपेटच्या पोस्टात माझ्या पुढे एक आजी होत्या. त्यांच्या पुढे एक पुणेरी आयटीवाला होता, गळ्यातल्या कार्डावर नाव निहार. रांग हलेना, तशी दोघं बोलायला लागली.

“आजी, पोस्टाने आता सरळ बँक होऊन जावं. पत्रं लिहितंय कोण?”

“नको रे बाबा. आहे ते सरी, तेच बरं आहे.”

“अहो, अ‍ॅप येईल. पैसे काढले की लगेच मेसेज.”

“तसलं एक खातं आहे की माझं बँकेत. मेसेज मुलाच्या फोनवर जातात. परवा सिनेमाला निघाले, तर मशीनमधून नोटा यायच्या आधी मारतहळ्ळीच्या ऑफिसातून त्याचा फोन. अम्मा, कशाला काढतेस?”

“काळजी वाटत असेल त्यांना.”

“कुणाची, माझी की नोटांची?”

“मग इथे?”

“इथे माझं खातं आहे, हे त्याला ठाऊकच नाही. पोस्ट मेलं असं तुम्हा पोरांना वाटतंय, तोवर माझे पैसे सुखरूप आहेत. तू उगाच पोस्टाला जिवंत करू नकोस.”

“पण दर महिन्याला कुठे जाता, असं ते विचारत नाहीत?”

“विचारतो की. मी सांगते, पोस्टात चालले, पत्र टाकायला.”

“आणि कुणाला लिहितेस, असं विचारलं तर?”

“इतकी वर्षं झाली. अजून विचारलं नाही.”