मल्लिनाथची वायर

अहो, पण भिंतीवर काय वाईट होतं? तुम्हाला सांगतो, आमच्या वडवणीच्या बँकेत ती पेटी चांगली दोन वर्षं देवाच्या फोटोशेजारी भिंतीवर होती, सगळ्या कम्प्युटरांच्या वायरी तिच्यात येऊन मिळायच्या, प्रत्येकाचा एक हिरवा दिवा लुकलुकायचा, सकाळी देवाला ओवाळलेली उदबत्ती जाता जाता तिलाही दाखवायची, खंडेनवमीला झेंडूची माळ... कुणाला त्रास होता का? पण नाही. सत्त्याण्णव साली बीडच्या मुख्य कचेरीला वाटलं, पेटी भिंतीवर शोभत नाही, तिला लोखंडी रॅक पाहिजे, काचेचं दार, दाराला कुलूप आणि आत पंखा. कॅशियर वत्सलाबाईंच्या डोक्यावरचा पंखा चैत्रापासून बंद, आणि वायरींना पंखा!

आता ह्या वायरी मल्लिनाथनं बसवून घेतलेल्या. मल्लिनाथ आमचा क्लार्क, पण घरचं भांड्यांचं दुकान. बसवणारा म्हणाला, प्रत्येक वायरीला नंबर घाला, तर हा म्हणतो, "नंबर कावून? नावं घालू की." आणि दुकानातली नाव घालायची मशीन आणून, लग्नातल्या तांब्यावर घालतात तशी, पत्र्याच्या पट्ट्यांवर एकेकाचं नाव कोरून त्या वायरींना बांधल्या. योगीराजच्या पट्टीवर तर नावाखाली 'सप्रेम भेट'! योगीराज म्हणजे शेजारच्या टेबलावरचा. दोघांचा डबा एक आणि भांडण रोजचं.

पुढं माणसं बदलली, पट्ट्या तशाच. राधाकिशन बदलून पालीला गेला, त्याच्या टेबलावर शिवकन्या आली, तर तीही बीडला फोन करून सांगायची, "साहेब, आमचा राधाकिशन सकाळपासून बंद हाय." सगळ्यात जास्त मल्लिनाथ हसायचा. आणि सत्त्याण्णवच्याच आषाढात मल्लिनाथच गेला. कपिलधारहून दर्शन घेऊन आला, घराच्या पायरीवर बसला, छातीत कळ आली म्हणाला... झालं. संचालक घरी जाऊन म्हणाले, त्याच्या जागेवर त्याच्या बायकोला, कावेरीबाईंना घेऊ. बीडहून नेमणुकीचा कागद तेवढा यायचा होता. तोवर ते रिकामं टेबल योगीराज रोज फडक्यानं पुसायचा.

अशात बीडहून रॅक आला, सोबत अमरनाथ नावाचा मेकॅनिक आला. त्याला हुकूम असा, की चालू टेबलांच्या वायरी तेवढ्या रॅकमध्ये घ्यायच्या, बंद टेबलाची वायर गुंडाळायची आणि टेबल बीडला पाठवायचं. योगीराजनं मनातल्या मनात हिशेब मांडला. टेबल गेलं म्हणजे जागा गेली, जागा गेली तर कावेरीवैनीनं काय करायचं? भिंतीवर काय वाईट होतं हो?

अमरनाथनं पेटी उतरवली आणि एकेक वायर रॅककडं ओढायला लागला. पट्टी वाचून ओरडला, "वत्सलाबाई पुरत नाहीत, हातभर कमी पडतात." कॅशच्या जाळीमागून वत्सलाबाई म्हणाल्या, "बावीस वर्षं पुरले बाबा ह्या बँकेला, आजच कमी पडले व्हय?" सगळे हसले, गिऱ्हाइकंसुद्धा. अमरनाथही हसत हसत पुढची पट्टी वाचतो, "आणि हा मल्लिनाथ? हा कुठं जातो?"

शिवकन्याचा शिक्का मारणारा हात तसाच वर राहिला. वत्सलाबाई नोटा मोजायच्या थांबल्या.

"खिडकीजवळच्या टेबलावर," योगीराज म्हणाला. "बाहेर गेलेत. येतील."

आणि उठून त्यानं मल्लिनाथचा कम्प्युटर चालू केला. अमरनाथनं वायर आत बसवली, दिवा लागला, काचेचं दार बंद, कुलूप बंद, किल्ली त्याच्या खिशात, तो एस्टीत, एस्टी बीडला.

तेव्हापासून योगीराज रोज सकाळी आधी मल्लिनाथचा कम्प्युटर लावायचा, मग स्वतःचा. संक्रांतीनंतर कागद आला. कामं आता कम्प्युटर करतात, सबब ही जागा भरायची नाही. म्हणजे टेबल वाचलं, दिवा वाचला, जागा तेवढी गेली.

नवऱ्याचं राहिलेलं सामान न्यायला कावेरीबाई आल्या. चष्मा घेतला, डब्याचं झाकण घेतलं, आणि म्हणाल्या, "भाऊजी, त्यांच्या नावाची ती पट्टी तेवढी द्या. साऱ्या गावाच्या भांड्यावर नावं घातली, सोताचं नाव तेवढं एकदाच घातलं. घरात एका वाटीवर न्हाई."

योगीराज रॅकपुढं उभा राहिला. पट्टी दिसत होती, शेजारी दिवा लुकलुकत होता, मधे काच. किल्लीसाठी बीडला फोन लावला, तर ते म्हणाले, अर्ज करा, रॅक कशासाठी उघडायचा ते कारण लिहा. काय लिहायचं? माणूस बाहेर गेलाय, येईल, असं ह्यानंच तर सांगितलेलं.

कावेरीबाईंनी काचेला बोट लावलं. "ऱ्हाऊ द्या मग. दिवा चालू हाय न्हवं?"

"हाय, वैनी."

"कोण लावतं?"

योगीराज फडक्यानं काच पुसायला लागला. त्या झाकण पदराखाली धरून गेल्या.

भिंतीवर असती तर हात वर करून काढून दिली असती हो, दोन मिनिटांचं काम. भिंतीवर काय वाईट होतं? बरं, पट्टी आतच आहे अजून. पंखाही आहे. वत्सलाबाईंचा बंदच आहे, पण मल्लिनाथच्या वायरीला वारा मात्र दिवसभर लागतो.