झाकणावर बसणारी माणसं

आदरणीय अध्यक्ष श्रीनिवासराव, मंचावरील मान्यवर, आणि समोर बसलेल्या माझ्या ड्रेनेज सफाई कामगार बंधू-भगिनींनो,

एकवीस वर्षांनी आज शाल मिळाली. अध्यक्ष आत्ताच म्हणाले, 'खालिदभाईंनी चळवळीची संस्था केली.' खरं आहे. माझी माझ्याबद्दलची तक्रारही तीच आहे.

सुरुवातीला आपल्याकडे होतं काय? कसबा पेठेत एक खोली आणि एक रीत. कुणाला चेंबरमध्ये उतरवतायत असा फोन आला, की हातातलं काम टाकून धावायचं आणि चेंबरच्या झाकणावर जाऊन बसायचं. वर माणूस बसलाय तोवर खाली कोण उतरणार? मुकादम शिव्या द्यायचा, पोलीस उचलायचे. आपल्यातल्याच मंदाकिनीबाई तर तिथेच बसून मेथी निवडायच्या!

मग देणगी आली. देणारे भले लोक होते, त्यांना बोल लावणार नाही. प्रशिक्षणाला पैसे मिळायचे, हेल्मेटवाटपाला मिळायचे. झाकणावर बसण्याचा रकाना अर्जात नव्हता. कुणी मनाई केली का? छे! आम्हीच शहाणे झालो. पगार सुरू झाले होते, माझ्या मुलीची, अलफियाची, शाळेची फी होती. बसणं कमी होत गेलं आणि शेवटी वर्धापनदिनी फोटोपुरतं उरलं.

हिराताई, तुम्ही तिसऱ्या रांगेत आहात. तुमचे यजमान गेले, तेव्हा मी तुम्हाला सांगितलं होतं, की कचरूनं आम्हाला कळवलंच नाही. ते खोटं होतं. त्या सकाळी खडकीहून त्याचा मला फोन आला होता. 'भाई, उतरवतायत. येऊन बसा.' अकरा वाजता देणगीदार पाहणीला यायचे होते. मी म्हणालो, 'आज सांभाळून घे, उद्या बघू.' तो म्हणाला, 'बरं.' चिडला नाही हो. नुसतं 'बरं.' दुपारी त्याला बाहेर काढलं, तेव्हा सगळं संपलं होतं.

त्या वर्षीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर, आमच्या प्रशिक्षणात हेल्मेट घालून हसणारा कचरू आहे. फोटो मीच निवडला. अनुदान वाढलं. तेव्हापासून रस्त्यात झाकण दिसलं की मी वळसा घालून जातो. खालून पुन्हा 'बरं' ऐकू येईल, याची मला भीती वाटते.

आपण बोलावलंत, मान दिलात, निमूट ऐकून घेतलंत, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला.

हिराताई, तुम्ही मात्र घालू नका.