वीझेंटच्या पाण्यात सुरुचीसोबत

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय सुमेधाताई, व्यासपीठावर बसलेले मासेमारी संघाचे हेर, म्हणजे श्रीयुत, लिंडनर, जिच्यासाठी आपण एर्लांगेनच्या या सभागृहात जमलो ती सुरुची, तिचे यजमान विपुल, आणि शनिवारची कामं बाजूला ठेवून आलेल्या माझ्या स्नेही मंडळींनो, सर्वांना नमस्कार. हेर लिंडनर, एंटशुल्डिगुंग, माफ करा, मी मराठीत बोलणार आहे. तुमच्या शेजारी हृषिकेश बसलाय, तो भाषांतर करेल. नवराच माझा, त्यामुळे माझी वाक्यं जरा आखूड करेल. सांभाळून घ्या.

नवीन लोकांसाठी सांगते. सुरुची आठवडाभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन करते आणि सुट्टीच्या दिवशी वीझेंट नदीवर लोकांना माशी लावून मासे धरायला शिकवते. माशी खरी नव्हे बरं का, गळावर पिसं नि दोरा गुंडाळून केलेली. विपुलला ड्रेस्डेनला नोकरी लागली, म्हणून ही दोघं निघालीत. गौरवाचे शब्द बाकीचे वक्ते बोलतीलच. मी आपलं माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. हे असं सभेत बोलावं का? माझ्या सासूबाई, द्रौपदीबाई, पहिल्याच रांगेत आहेत. त्याच म्हणाल्या, "बोल गं, ऐकून कुणाला तरी बरं वाटेल." तर, उपचार संपले, डॉक्टर म्हणाले सगळं छान आहे. पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. कंपनी म्हणाली, रोज थोडे थोडे तास या. त्याला इथे विडरआइनग्लीडेरुंग म्हणतात. शब्द कसाबसा जमला, जायचा धीर मात्र होईना. भेटायला कुणी आलं की मी झोपेचं सोंग घ्यायचे. शेवटी हृषिकेशने मला न विचारता सुरुचीला फोन केला.

एबरमानश्टाट गावाच्या पुढे नदीकाठी एक कुरण आहे. तिथे तिने माझ्या हातात रॉड दिला. दोराच्या टोकाला गळ नव्हता, लोकरीचा गोंडा होता. "हात कुठपर्यंत जातो?" तिने विचारलं. मी दाखवलं. "मग आज तिथपर्यंतच." बस्स, आजाराबद्दल एक शब्द नाही. थोड्या वेळाने दोर माझ्याच गळ्यात अडकला, तशी मी रॉड गवतावर टाकून दिला. "नाही होणार माझ्याच्याने," म्हटलं, आणि रडू आवरेना. ती म्हणाली, "बरं. मला भूक लागलीये." मग आम्ही ब्रेत्सेल, म्हणजे इथला तो वेटोळ्याचा खारा पाव, आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. खाता खाता ती सांगत होती, सुरुवातीला लोक नदीवर यायचे, तिच्याकडे बघायचे आणि विचारायचे, "गाइड कुठाय?" मी कितीतरी महिन्यांनी मनापासून हसले. हसून झाल्यावर रॉड मीच उचलला.

पुढच्या शनिवारी गेले, त्याच्या पुढच्याही. जर्मनीत मासा धरायचा तर आधी परीक्षा द्यावी लागते. हिवाळ्यात तीही दिली. सासूबाई म्हणायच्या, "अगं, मासे बाजारात मिळतात ना इथे?"

आणि मे महिन्यात आम्ही दोघी गुडघाभर पाण्यात उतरलो. एका ट्राउटने माशी घेतली, रॉड वाकला, आणि मी ओरडले, "सुरुची, धर, धर!"

"मासा तुमचा आहे, यमुनाताई. रॉड वर करा."

"जात नाही गं हात!"

"डाव्याचा आधार द्या. वर. अजून वर."

मासा जाळीत आला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, हात बघा." माझा हात कानाच्या वर होता. त्या पाण्यात आम्ही दोघी किती वेळ रडलो, विचारू नका. मासा कायद्याच्या मापात होता, म्हणून घरी आणला. सासूबाईंनी तव्यावर परतला आणि "काटे फार आहेत" असा निकाल दिला. पुढच्याच सोमवारी मी कामावर गेले.

मागच्या आठवड्यात सुरुची चहाला आली होती. म्हणाली, "ताई, तिकडे मला कोण ओळखतं? पुन्हा सगळं पहिल्यापासून." इतक्या जणांना उभं करणारी ही मुलगी, पण तिचा आवाज बारीक झाला होता.  ती गेल्यावर मी आमच्या उपचारगटातल्या मैत्रिणींना फोन लावले. चौघी तिच्याकडे शिकायला तयार आहेत. त्यातली धम्मदीपा, इथल्या विद्यापीठात संशोधन करते, ती मागे बसलीये. तिचं म्हणणं, "मी मासा धरणार नाही, मला ते पटत नाही. कुरणात उभी राहून नुसता दोर फेकेन. चालेल का तुझ्या सुरुचीला?"

चालेल ना गं? बघा, मान हलवतेय.

आपल्या मराठी मंडळाने मला बोलायची संधी दिली, सुमेधाताईंनी वेळेची चिठ्ठी पाठवली नाही, हेर लिंडनर न कंटाळता बसले, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, काही अधिकउणं गेलं असेल, तर आपलीच समजून पोटात घाला. आणि सुरुची, मे महिन्यातला पहिला शनिवार कुणाला देऊ नकोस. ड्रेस्डेनची गाडी आम्ही पाच जणींनी बुक केलीये.