जाळीतून आत गेलेल्या अक्षता

तुम्ही आज हसताय, पण त्या आठवड्यात मला घास गिळवत नव्हता. हिंजवडीतलं एक ऑफिस बंद झालं आणि तिथले जुने कॉम्प्युटर मी आणि माझा भागीदार सलीम, आम्ही विकत घेऊन नारायण पेठेतल्या दुकानात आणून टाकले. त्यासाठी मी घरी न सांगता एफडी मोडली होती. आता अख्खे विकायचे की सुटे करून पार्ट विकायचे, यावर आमचं रोज वाजायचं. मी म्हणायचो अख्खे, सलीम म्हणायचा सुटे.

"आधी चालू तर करून बघ," सलीम म्हणाला.

पहिला चालू होईना. दुसराही होईना. सलीमने एक उघडला, तर आत हळद, कुंकू आणि तांदूळ!

मी त्या ऑफिसच्या मॅनेजरला स्पीकरवर फोन लावला. तो म्हणाला, "अहो, दर दसऱ्याला आम्ही एकेका मशीनची पूजा करायचो. अगदी मनापासून!"

"आणि मशीनच्या वरच्या जाळीतून," सलीम पुटपुटला.

सगळे उघडून झाडले, पुसले, तेव्हा कुठे चालू झाले. "उघडलेच आहेत तर सुटेच विकू," सलीमने पुन्हा सुरू केलं. तेवढ्यात पेठेतले एक रिटायर्ड काका आले आणि त्यांनी अख्खा कॉम्प्युटर घेतला. माझ्या जिवात जीव आला.

जाताना काका म्हणाले, "घरी नेऊन आधी पूजा करतो, मग चालू करतो."

सलीम मान वर न करता म्हणाला, "काका, पूजा केलेला माल परत घेतला जात नाही."