गुरगुरणं बंद केलं मी

मी कडेगावचा. काय सांगू तुमाला, आमच्या घरात खोंडं शिकवायचं काम, पार आज्यापास्नं. खोंड म्हंजे जवान बैल, त्याला जू घ्यायला, वळायला शिकवायचं, आन माझ्या हातात चाबूक आला की कसलं बी खोंड म्हैन्यात सरळ, असं लोक म्हणायचे, आन मला बी त्ये लय ग्वाड वाटायचं. आता घरोघरी ट्रॅक्टर, खोंडं कुटली? मग रानातल्या वस्तीवर राखणीला कुत्रं आणलं, त्याचं नाव बी बैलाचंच, सर्जा.

तर ह्यो सर्जा दूधवाल्याची मोटरसायकल आली की भुंकायचा. भ्यायचा ओ, पर मला वाटायचं मस्ती हाय. भुंकला की चाबूक, गुरगुरला की आणखी दोन. पंधरा दिसांत गुरगुरणं बंद. मी दूधवाल्याला म्हणलं, बग गड्या, कसा शिकवला. आन गाडीचा आवाज आला की त्यो थरथरायचा, जागेवर मुतायचा, त्ये मला दिसायचं, पर मी म्हणायचो वचक हाय.

मग एक दिवस गाडी आली आन माझी सून वैशाली सर्जाम्होरं पाण्याचं भांडं ठेवत हुती, तिच्या हाताला कडाडून चावला. गुरगुर न्हाई, काय न्हाई, एकदम. पलूसला नेऊन इंजेक्शनं दिली. मी पोतं काढलं, म्हणलं नदीपल्याड सोडून येतो ह्याला. तर ती, हाताला पट्टी, दारात आडवी. आवं आबा, म्हणाली, त्यो गुरगुरून सांगत हुता मला भ्या वाटतंय, लांब ऱ्हावा. तुमी त्याचं सांगणंच बंद केलं. गाडी आली की मार बसतो एवढंच शिकलाय त्यो, मग गाडीला जास्तच भिणार की. ठेवा त्ये पोतं. सासऱ्याला असं त्वांडावर सांगायला काळीज लागतं.

मग तिनं दूधवाल्याला गाडी पार बांधावर थांबवायला लावली. लांबनं आवाज आला की सर्जाला भाकरीचा तुकडा, आवाज गेला की तुकडा बंद. रागवायचं न्हाई, वढायचं न्हाई, भ्याला की गाडी पुन्ना लांब. चार म्हैने, रोज. मी म्हैन्यात खोंड शिकवणारा, मला हसू यायचं. आता गाडी दारात येती आन सर्जा शेपूट हलवत वैशालीच्या तोंडाकडं बगतो. एवढी चिकाटी मी जल्मात बगितली न्हाई.

देवानं पोरीला उदंड आयुष्य द्यावं. माझ्याजवळ मातूर त्यो येत न्हाई. परवा टोपी काढायला हात वर केला, तर भुईला चिकटला. आता टोपी काढायची झाली तरी मी आदी घरात जातो.